शाळूचं मडकं

म्हातारी घरात पाऊल टाकलं की आधी कोपऱ्यातल्या मडक्यावर टकटक करायची. मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं आणि आत पेरणीसाठी राखलेला शाळू, म्हणजे पांढरी रब्बी ज्वारी. "हाय," असं स्वतःशीच म्हणायची, मगच कामाला लागायची. दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावात तिच्या घराला आमचं घर भिंतीला भिंत लागून होतं.

अशी फटकळ बाई तुमच्याही गल्लीत एखादी असेल. तिची नात सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, हाक मारली तर बघत नव्हती. दिवसभर मुठीतून माती सोडत बसायची. सोनारीच्या भैरोबाला नवस झाला. गुण आला नाही तसं म्हातारीनं खापर सुनेवर फोडलं. "पोटुशी असताना गिऱ्हाण लागलेलं, तरी भाजी चिरली हिनं. भोगतंय लेकरू." सून खाली मान घालून ऐकायची.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. सोसायटीच्या रेशन दुकानात मी धान्य मापायचो. शाळू दिसेनासा झाला आणि परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळू लागली. गावानं नाकं मुरडत तीच खाल्ली. ही पोर मात्र तांबडी भाकरी बघितली की तोंड फिरवायची. पांढऱ्या भाकरीशिवाय ती दुसरं काही खातच नव्हती.

"आत्याबाई, मडक्यातला मूठभर द्या की," सून रडकुंडीला आली.

"बी खातंय का कुणी? भूक लागली की खाईल."

अख्ख्या गल्लीला हेच पटत होतं. सून तळ्याच्या खोदकामावर जायची, पोर म्हातारीपाशी राहायची.

एका दुपारी भिंतीपलीकडून म्हातारी ओरडली, "आरं, ये रं लवकर!" मी धावलो. पोर जमिनीवर आडवी पडली होती, ओठ फुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. उशाशी कालच्या-परवाच्या तांबड्या भाकरी तशाच. एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता. हाताशी अन्न असताना लेकरू उपाशी मरायला टेकतं, हे मला खरं वाटेना.

"भूक लागली की..." म्हातारी पुटपुटली. मग वरवंटा घेऊन तिनं मडक्याचं लिंपण फोडलं. मी पोरीला चमच्यानं पाणी पाजत होतो, म्हातारी जात्यावर दळत होती. गरम भाकरी पोरीनं आधी हुंगली. मग इवलासा तुकडा तोंडात घेतला. म्हातारी पदरात तोंड खुपसून रडली.

सून आली आणि उघडं मडकं बघून दारातच थबकली. म्हातारी म्हणाली, "पेरायचं पुढं बघू. तुझी काय चूक न्हाय, बाई. पोरीचीबी न्हाय."

पुढं कुणी आपलं न खाणारं लेकरू घेऊन यायचं, विचारायचं, "आजी, भूक लागल्यावर खाईलच की?"

"न्हाय खात. म्या बघितलंय."

स्वमग्न हा शब्द मी फार उशिरा एका डॉक्टरांकडून ऐकला. अशा काही मुलांना रंग-वास बदललेलं अन्न अन्नच वाटत नाही, आणि यात आईचा दोष नसतो, असं ते म्हणाले. मला त्या न मोडलेल्या भाकरी दिसल्या. अजूनही दिसतात.

ऐंशीनंतरच्या एका कोरड्या साली म्हातारी गेली. रिवाजाप्रमाणे शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. प्रत्येकीनं एक भाकरी वेगळी, कोऱ्या फडक्यात बांधली होती. शाळूची, पांढरी, पिठलं न लागलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

नात आता तरणी झाली होती. तिनं एक फडकं उचललं, कोपऱ्यात जाऊन मडक्यावर टकटक केली आणि तिथंच खायला बसली.