काकांच्या पेटीतली शिशाची तार

काकांची गळाची पेटी आवरताना शिशाची बारीक तार हाती लागली, आणि ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेत काकांच्या बॉथेल गावाजवळची ती नदी आठवली. फार्मसी सोडून मला कीटकशास्त्र घ्यायचे होते. बाबांचा होकार काकांच्या शब्दावर अडला होता.

काका तासभर गळाला तरंगती कृत्रिम माशी लावून ट्राउट माशाची वाट पाहत होते. मी बर्फगार पाण्यातला दगड उलटला. त्याला पाण्यात वाढणाऱ्या कीटक-माश्यांची बिनपंखी पिल्ले चिकटलेली होती. मग मी गळाच्या माशीवर ही तार गुंडाळली.

“अगं, बुडेल की ती!”

“बुडायलाच हवी, काका. ट्राउट खाली जेवतायत.”

तिसऱ्या फेकीला दोरी ताणली. तेव्हा अभिमान वाटला तो मासा पकडल्याचा. आज अभिमान वाटतो तो त्या अनुमानाचा.

संध्याकाळी काकांनी भारतात बाबांना फोन लावला. “दादा, पोरीला किडेच शिकू दे. आज हरवलं तिनं मला.”