गेटाबाहेरचा खर्डा

परवा सून तव्यावर हिरव्या मिरच्या भाजत होती, त्या ठसक्यानं मला वॉटर पार्कचं गेट आठवलं. निपाणीहून गाडी करून आम्ही सगळी गेलो होतो. आठ वर्षांची नात घरी माझ्या ताटातला खर्डा बोटानं चाटायची, म्हणून तिच्यासाठी मी खर्डा-भाकरी बांधून घेतली होती. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असं गेटावरचे म्हणाले. "मग मी बी येत न्हाय," म्हणून मी समोरच्या चिंचेखाली बसलो. मुलगा म्हणाला, "आप्पा, हट्ट सोडा की." सोडला नाही. दुपारी ओल्या केसांनी, आईचा हात ओढत नात आली. "आज्जा, आतलं लई गुळचट हाय. खर्डा दे." नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी दीड भाकरी खाल्ली. "तिखट लागलं व्हय गं?" "न्हाय. अजून वाढ." मग संध्याकाळपर्यंत माझ्याजवळच बसली. नातीची जीभ माझ्यावर गेलीय, असं मी गावभर मिरवलं. परवा तेच पुन्हा सांगायला लागलो, तर सून मिरच्या परतत हसली, "मामा, आत पोटभर नूडल्स खाऊन आलती ती." भरल्या पोटी पोरगी माझ्यासाठी जेवली होती, आणि जा, पाण्यात खेळ जा, एवढंसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नव्हतं.