न टोचलेली सुई

"आधी डॉक्टरांचा कागद दाखवा." दारात पेशंट दिसला की बाई पहिलं हेच म्हणायच्या. या, बसा, सगळं त्यानंतर.

रत्नागिरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची ॲक्युपंक्चरची खोली होती. मी वरच्या मजल्यावर राहतो. माझी अर्धशिशी घेऊन गेलो, तेव्हा कपाळाला सुई म्हटल्यावर माझे डोळे आपोआप मिटले.

"गणिताचे मास्तर तुम्ही, आणि सुईला घाबरता?" बाईंनी नवं पाकीट माझ्यासमोर फोडलं. केसासारखी बारीक सुई. मुंगी चावावी तेवढंच झालं.

"बरं करीन असं म्हणत नाही हं. कमी होतं का बघू. आणि डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही."

अर्धशिशी गेली नाही, पण महिन्यातून चारदा डोकं धरून बसणारा मी एकदाच बसू लागलो. हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाल्या, "वहीत लिहून ठेवा. आठवण खोटं बोलते."

एका दुपारी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, खोलीचं दार उघडंच होतं. जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारा एक माणूस भावाच्या खांद्यावर हात टाकून आला.

"मॅडम, कंबर पार गेलीय. दोन सुया टोचा, उद्या ड्युटी आहे."

या वेळी बाईंनी कागद मागितला नाही, आधी त्याचे पाय तपासले. मग आवाज खाली आणून विचारलं, "लघवी नीट होते का?"

भावाकडे न बघता तो पुटपुटला, "कालपासून कळतच नाय."

बाईंनी हातातलं पाकीट न फोडता ट्रेमध्ये ठेवलं. "सुई नाही. आत्ता हॉस्पिटल."

तो भडकला. "एवढ्या लांबून आलो नि तुम्ही हाकलता? लोक सांगतात, तुमच्या हाताला गुण आहे!"

"मणक्यात नस दबली असणार. ती माझ्या सुईने सुटायची नाही. उशीर केलात तर पाय कायमचे जातील. उठा."

त्याला उठवेना. बाईंनी आणि भावाने मिळून त्याला रिक्षात बसवलं. त्याही शेजारी बसल्या. "मास्तर, कुलूप लावा," एवढंच मला म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्याचं ऑपरेशन झालं.

तीन महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी आला, डावा पाय किंचित ओढत. त्याने न मागता सर्जनची चिठ्ठी पुढे केली. उरलेल्या दुखण्याला सुया चालतील, असं लिहिलं होतं. बाईंनी ती दोनदा वाचली. मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्याच दिवशी त्यांनी काम बंद केलं.

"डाव्या हाताने जमेल की," मी म्हटलं.

"लोकांच्या अंगावर शिकायचं वय गेलं, मास्तर."

त्या ठाण्याला मुलीकडे निघाल्या. मी स्टेशनवर सोडायला गेलो. बॅग घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. डाव्या हातात बॅग घेऊन जिना चढू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या, दम घेतला, पुन्हा चढू लागल्या. वर पोचेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.