मावशीच्या वर्गातलं ऑफिस

माझी मावशी पाचवीला शिकवते. नुसतं पुस्तक वाचून शिकवणं तिच्या जिवावर येतं. अपूर्णांक म्हटलं की ती कलिंगड कापते. धर्म आणि स्थलांतराचा धडा आला तेव्हा तिने वर्गातच परदेशातून येणाऱ्यांचं ऑफिस थाटलं. दोन बाकं आडवी लावून काउंटर केला, अर्ज छापले, त्यात धर्माचा रकाना ठेवला. चिठ्ठी उचलून प्रत्येक मुलाने नवा देश आणि नवा धर्म घ्यायचा. 'प्रवेश नाकारला' हा रबरी शिक्का मी माझ्या दुकानातल्या मशीनवर कापून दिला होता. अगदी खऱ्यासारखा हुबेहूब.

खेळ रंगात आला होता. तेवढ्यात एका मुलीचे बाबा तिला न्यायला आले. ते सुतार, या देशात येऊन जेमतेम आठ महिने झालेले. रांग पाहिली आणि हसत हसत तेही शेवटी उभे राहिले. मावशी खूश! पालकसुद्धा सामील झाले म्हणून.

"धर्म?" काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

त्यांनी हळूच सांगितला.

"मोठ्याने बोला, काका!"

वर्ग खिदळला. त्यांनी मोठ्याने सांगितला आणि पाकिटातून कागद काढून पुढे केला. खाट्कन शिक्का बसला.

"अगं, तो खरा आहे!" त्यांची मुलगी किंचाळली.

तो त्यांचा कामाचा परवाना होता.

"अहो भाऊ, खेळ होता हा!" मावशी धावत काउंटरपाशी आली.

"माहितेय हो बाई. पण त्या चष्मेवालीने असं काही विचारलं, की हात आपोआप खिशात गेला."

दुसऱ्या दिवशी मावशी रजा टाकून त्यांच्यासोबत खऱ्या ऑफिसात गेली. तीन तास रांगेत उभी राहिली.

"हे कशासाठी केलंत?" कारकुनाने विचारलं.

"मुलांना समजावं म्हणून."

"काय समजावं?"

मावशीने परवाना त्याच्यापुढे सरकवला.

नवा परवाना दोन महिन्यांनी मिळणार होता. तोवर कारकुनाने शिक्क्याखाली बारीक अक्षरांत लिहून दिलं, 'वरील शिक्का शाळेतील खेळाचा, ग्राह्य धरू नये', आणि सही केली.

बाहेर येऊन सुतारभाऊंनी कागद उन्हात धरला. "बाई, कुणी तपासायला आलं तर आधी काय वाचेल? शिक्का की खालचं?"

मावशीने तिथूनच मला फोन लावून तेच विचारलं. "तू सांग रे, शिक्का तूच केलायस."

"खालचंही वाचतील," मी म्हणालो.

तिने त्यांना तसंच सांगितलं, फक्त 'नक्की' हा शब्द आपल्या पदरचा घातला.

कागद घडी करून खिशात ठेवत ते कामावर गेले.