तड्यावरची काच

डहाणूजवळ चिखले गावच्या किनाऱ्याला फिरंग्यांच्या वेळचा एक बुरूज आहे. त्याच्या पोटात तोफांची दारू ठेवायची कमानीची खोली, आणि खोलीच्या भिंतीत एक देवळी. देवळीत फिरंग्यांनी कोरलेला क्रूस, त्याच्या पायाशी आमच्या बायकांनी मांडलेला शेंदरी दगड. उदबत्ती दोघांना मिळून एकच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्या खोलीत शिवणवर्ग चालवायचे. बारा बायका, सहा पायमशिनं आणि माझी पहिली नोकरी. तिचा मला भारी तोरा होता.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि देवळीच्या वर, कमानीत तडा दिसला. माझे वडील सरकारी ओव्हरसिअर, जुन्या बांधकामांची पाहणी त्यांच्याकडेच. त्यांनी कमानीखाली लाकडी टेकू देऊन खाली पाचर ठोकली. मग तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवून दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की केली आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्यानं तारीख कोरली.

"बाय, काच तुटली तर तडा जिवंत, अजून वाढतोय. मग त्याच दिवशी वर्ग बंद. महिनाभर शाबूत राहिली तर तडा मेलेला."

रोज काच बघायचं काम माझ्याकडे दिलं. संध्याकाळी डहाणूला घरी आले की चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "काच?" मी म्हणायचे, "शाबूत." ते मान डोलवायचे आणि पेपर उघडायचे. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर ते असे विसंबले नसते.

तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी कुलूप काढून आत गेले तर काच मधोमध तडकलेली. केसाएवढी रेघ, पण आरपार.

बायकांची सरकारी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. कैनाडहून येणाऱ्या एकीला सासऱ्यांनी खूप मिनतवाऱ्या केल्यावर परवानगी दिलेली; वर्ग एकदा बंद पडला की ती कायमची घरी बसणार हे तिनंच मला सांगितलं होतं. मी स्वतःला तिचं कारण दिलं. खरी भीती माझीच नोकरी जाण्याची होती, हे मात्र स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

त्या संध्याकाळी "काच?" ला मी "शाबूत" म्हटलं. ते पेपर वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पिशवीतून एक पट्टी आणि मूठभर प्लास्टर घेतलं आणि तासभर आधी बुरुजात पोचले. जुनी काच खरवडून काढली, नवी बसवली. खिळ्यानं तीच तारीख कोरली. बाबा इंग्रजी सातावर आडवी रेघ देत, तीही दिली. सात हुबेहूब त्यांच्यासारखा उतरला, याची मला आजही लाज वाटते.

पुढचे दिवस माझी मान वरच. बायका कापडाकडे बघत, मी कमानीकडे. मशिनावर जरा धूळ दिसली की ती कमानीतून पडलीय का बघायचे. देवळीखालचं, झरोक्याच्या उजेडातलं मशीन मी पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवलं.

"बाई, माझं मशीन का हलवलं? इथं उजेड नाय," कैनाडची म्हणाली.

"गुमान बसा," मी खेकसले. ती बिचारी बसली.

महिना भरला तसे बाबा एका गड्याला घेऊन आले. स्टुलावर चढून भिंग लावून काच बघितली आणि खाली उतरले ते हसतच.

"मेला तडा! आता हा टेकू काढतो, तुम्हाला ऐसपैस होईल." मग कैनाडचीला म्हणाले, "आणि तू गं, अंधारात का बसलीस? घे मशीन उजेडात."

गड्यानं मशीन उचलून पुन्हा देवळीखाली ठेवलं. ती खूश होऊन बसली, पायानं मशीन चालू केलं. तिच्यापासून हातभर अंतरावर बाबांनी हातोडा घेतला. पहिल्या घावाला पाचर बोटभर सरकली.

"बाबा, थांबा! काच मी बदललीय!"

हातोडा वरच राहिला. मशीन थांबलं. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पाचर होती तिथे परत ठोकली, एकेका बाईला बाहेर काढलं आणि शेवटी स्वतः निघताना प्लास्टरवर बोट टेकवलं.

"माझा सातसुद्धा काढलास," एवढंच म्हणाले.

वर्ग त्याच दिवशी बंद झाला. कैनाडची परीक्षेला आली नाही, पुढे कधी भेटलीही नाही. कमान टेकूवर अजून उभी आहे म्हणतात. मी बघायला गेले नाही.

बाबांनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही. पण त्यानंतर रात्री मी "गॅस बंद केलाय" म्हटलं, की ते "बरं" म्हणायचे, आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन बघून यायचे.