मोजणीकाकांचा अकरावा डबा

मोजणीकाकांकडे कुणी मदत मागितली की ते मागणाऱ्याचं काम आणखी अवघड करून ठेवायचे. स्टेशनची वाट विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना त्यांनी मुद्दाम लांबून पाठवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मी रागावले, तर म्हणाले, "आता पुढच्या वेळी विचारणार नाहीत." असं करताना त्यांच्या चेहऱ्यावर खोडकरपणा नसे. आपण त्या माणसाचं भलंच केलं, अशी त्यांची खात्री असायची.

ते मूळचे लातूरकडचे. जमीन मोजणीच्या खात्यात साखळी ओढण्यापासून सुरुवात केली आणि भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. जुईनगरला आमच्या समोरच्या दारात राहायचे. काकू गेल्यानंतर ते एकटेच होते. माझी आई त्यांना डबा पाठवायची. तो मी नेऊन दिला की ते आधी भाजीत काय कमी आहे ते सांगायचे आणि मग सगळं संपवायचे.

निवृत्तीनंतर त्यांना एक खेळ सापडला. कुणीतरी रानात छोटा डबा लपवतो, त्याची जागा इंटरनेटवर अक्षांश-रेखांशात देतो आणि बाकीचे मोबाइल घेऊन तो शोधत फिरतात. डब्यात एक वही असते. ज्याला डबा सापडला त्याने तीत सही करायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. काही डब्यांची जागा सरळ दिलेली नसते. आधी कोडं सोडवायचं, त्याच्या उत्तरांतून आकडे मिळतात. आयुष्यभर दगड आणि खुणा शोधलेल्या माणसाला आणखी काय हवं? तुर्भ्याच्या कारखान्यांमागच्या डोंगरात, करवंदीच्या जाळ्यांत आणि घाणेरीच्या झुडपांत त्यांनी एकामागून एक दहा डबे लपवले. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर रविवारी मी सोबत जायला लागले आणि नकळत मलाही नाद लागला.

या खेळात त्यांचा जाच सहन केलेले पुष्कळ आहेत. उलव्याचे एक बँकेतले गृहस्थ बायकोला घेऊन तीन रविवार एकच डबा शोधत होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी डोंगरावरून फोन केला. काका म्हणाले, "डबा हाय तिथंच हाय. नजर नाही तुमची." मी शेजारीच बसले होते. आदल्याच आठवड्यात काकांनी तो डबा वीस पावलं सरकवला होता, हे मला माहीत होतं. त्या दिवशी उतरताना बाईंचा पाय मुरगळला. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो आला, तेव्हा काकांनी लिहिलं, 'उतार बघून पाय टाकावा.' मी म्हटलं, "काका, निदान सॉरी तरी म्हणा." ते म्हणाले, "कशाला? शिकल्या की त्या."

हे 'शिकणं' मी लहानपणापासून बघत आले होते. काकांची मुलगी नीलम आणि मी एकाच वर्गात. आम्ही नऊ वर्षांच्या असताना एका सकाळी ते नीलमला घेऊन बाहेर पडले. दुपारी ती एकटीच परत आली. एका पायात चप्पल, दुसरा पाय रक्ताळलेला, तोंड धुळीने माखलेलं. तुर्भ्याला ट्रकच्या रांगांमध्ये तिला उभं करून काका म्हणाले होते, "आता घर शोधत ये," आणि निघून गेले होते. ती हे काकूंना सांगत होती तेवढ्यात काका जिना चढून आले. त्यांनी घड्याळ बघितलं. "तासाभराची वाट. चार तास लावलेस." काकूंनी विचारलं, "तुमी कुठं होता इतका वेळ?" "काम होतं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. नीलम दारातच बसून राहिली. माझ्या आईने तिच्या पायाला हळद लावली.

पुढे नीलम शिकली, नोकरीला लागली, लग्न करून उलव्याला गेली. भांडण असं कधी झालं नाही. तिने येणं कमी केलं आणि काकू गेल्यावर बंदच केलं. दिवाळीला फोन करायची, दोन मिनिटं. काका त्या फोनची दुपारपासून वाट बघत आणि आला की "बरं हाय, ठेवतो," म्हणत.

गेल्या वर्षी त्यांची किडनी निकामी होत चालली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. ते त्यांनाही कळलं असावं. कारण पुढच्याच आठवड्यात एका सकाळी ते कुणाला न सांगता गेले आणि दुपारी दोन्ही तळवे खरचटून, रिक्षाने परत आले. त्या रात्री ग्रुपवर अकराव्या डब्याचं कोडं आलं. नाव होतं 'जुनी वाट'. पाच प्रश्न होते. जिना किती पायऱ्यांचा? शाळेतल्या वर्गाच्या दारावर कोणता आकडा उलटा रंगवला होता? घरातल्या शिलाई मशीनला खण किती? बर्फाच्या गोळ्याची गाडी कितव्या खांबापाशी उभी राहायची? जिन्याखाली पिल्लं किती होती?

ग्रुपवरचे लोक नव्या मुंबईचे जुने नकाशे शोधत बसले. त्या उलट्या आकड्यापाशी मी थांबले. पेंटरने उलटा काढलेला चार मी दोन वर्षं रोज बघितला होता. तो आमचा वर्ग होता. बाकीचं मग सोपं होतं. जिना आमचाच, मशीन काकूंचं. कुत्रीची पिल्लं पाच होती. काकांनीच ती गोणीत भरून खाडीकडे नेऊन सोडली होती आणि आम्ही दोघी आठवडाभर रडलो होतो. मी आकडे मांडले, तर जागा दगडखाणीतल्या पाण्याच्या मधोमध आली.

मी नीलमला फोन केला. कोडं वाचून दाखवलं.

"पिल्लं सहा होती," ती म्हणाली. "एक मी टाकीमागे लपवलं होतं. ते मोठं झालं तरी त्यांच्यातलंच हे कुणालाच कळलं नाही."

"काकांना?"

"त्यांना कळलं असतं तर त्यांनी ठेवलं असतं का, सुजू?"

सहा धरून बघितलं. जागा डोंगराच्या कडेला, एका जुन्या हद्दीच्या दगडापाशी आली. मी तिला सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी त्याला राहू दिलं." तिचा असा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. येत्या रविवारी मीही येते, असं ती स्वतःहून म्हणाली. मला फार आनंद झाला. आपण काहीतरी चांगलं घडवून आणतोय, असं वाटलं.

आम्ही सकाळी सातला चढायला लागलो. नीलम सारखी बोलत होती. त्या कुत्र्याबद्दल, काकूंच्या मशीनबद्दल, काका तिला पाठीवर घेऊन पाढे म्हणायचे त्याबद्दल. दगड सापडला. त्याच्यामागे, करवंदीच्या मुळाशी, स्टीलचा छोटा डबा होता. झाकण तिनेच उघडलं. आत वही आणि घडी घातलेला कागद. काकांचं अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं, सुटं आणि स्वच्छ होतं. तिने वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

'नीलम, त्या दिवशी तुर्भ्याहून तू एकटी आली नव्हतीस. मी सगळा वेळ तुझ्यामागे चाळीस पावलांवर होतो. तू ट्रकपाशी बसलीस तेव्हा मी ट्रकच्या पलीकडे उभा होतो. चप्पल नाल्यात गेली तेही बघितलं. वाट तुला ठाऊक होती, तू फक्त घाबरली होतीस. घरी पोचलीस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. हे तुझ्या आईलाही सांगितलं नाही. पप्पा.'

मला वाटलं ती रडेल. तिने कागद माझ्याकडून घेतला, होता तसा दुमडला.

"मी तिथे बसून त्यांना हाका मारत होते," ती म्हणाली. "पप्पा, पप्पा. घसा बसेपर्यंत. इतकी वर्षं मी समजत होते की ते निघून गेले होते, म्हणून आले नाहीत."

तिने डब्याचं झाकण हातात घेतलं.

"ते ऐकत होते, सुजू. उभे राहून ऐकत होते."

तिने कागद डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा मुळाशी सरकवला. वहीत सही केली नाही. खाली रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "त्यांना सांग, वाचलं. मी काय बोलले ते जसंच्या तसं सांग. आणि यापुढे त्यांचा एकही निरोप मला आणू नकोस."

काका खाटेवर होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. मला बघून उठायला लागले. "आली का ती?"

मी सांगितलं. मला ते सौम्य करता आलं असतं. पण ग्रुपवरचे लोक, ती पाय मुरगळलेली बाई, दारात बसलेली नीलम, सगळं माझ्या डोक्यात होतं. मी शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला.

"एकटी नव्हती हे कळलं तर तिला बरं वाटंल, असं वाटलं मला," ते म्हणाले. मग भिंतीकडे तोंड केलं. मी निघाले, तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "पोरी, दोनदा निघालो होतो मी पुढं. पाऊल उचललं होतं. हे लिहायचं ऱ्हायलं. तिला सांगशील?"

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. नीलमने निरोप आणू नको म्हटलं होतं, हे खरं कारण. पण त्या वेळी काकांना थोडं ताटकळत ठेवावंसं मला वाटलं होतं, हेही खरं आहे. रोज डबा घेऊन गेले की ते माझ्याकडे बघायचे. मी भाजीबद्दल बोलायचे. दीड महिन्यात ते गेले. नीलम आली, सगळं रीतसर केलं, कागदांवर सह्या केल्या, घराची किल्ली माझ्या आईकडे दिली. त्या दिवशीही मी गप्प राहिले.

गेल्या महिन्यात उलव्याला तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी तिची मुलगी क्लासहून यायची होती. बसस्टॉप गेटपासून दोन मिनिटांवर आहे आणि मुलगी तेरा वर्षांची. तरी नीलम चहा अर्धवट सोडून उठली. मीही मागोमाग खाली गेले. बस यायच्या आधीच ती रस्त्याच्या अगदी कडेला, दिव्याच्या उजेडात जाऊन उभी राहिली, बसच्या खिडकीतून दिसेल अशी. मुलगी उतरली आणि वैतागून म्हणाली, "आई, रोज काय येतेस? सगळ्या हसतात मला."

"हसू देत," नीलम म्हणाली आणि तिची बॅग घेतली.

दोघी पुढे चालू लागल्या. मी थोडी मागे राहिले. आता तिला हाक मारून काकांचा तो निरोप सांगावा, असं मनात आलं. मग त्या गेटमधून आत गेल्या.