नानांचे दोन शब्द

मी नेमकं काय शिकते, हे नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधीच नीट सांगता आलं नाही. फुलबाजारात कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर ते आधी झेंडूचं क्रेट उगाच इकडचं तिकडे करायचे आणि मग म्हणायचे, "कालेजात हे. खेळाचंच काहीतरी."

"पीटीची बाई होणार का?"

"हां, तसंच."

पीटीची बाई त्यांना समजत होती. ती शाळेत जाते, शिट्टी वाजवते, सुट्टीत घरी असते. क्रीडा व्यवस्थापन मात्र घशाखाली उतरत नव्हतं. नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती ती. नाशकात रोज नवे कोर्स निघत होते आणि त्यातला सगळ्यात नवा माझ्या वाट्याला आला होता. मी शाळेपासून खो-खो खेळायचे, गुडघा गेला, खेळ सुटला, पण मैदान सोडवेना. म्हणून या कोर्सला नाव घातलं.

"स्पर्धा कशी भरवायची ते शिकवतात, नाना."

"त्यात शिकायचं काय? जत्रंला दरसाल कुस्त्या होतात. भरवणारे कुठल्या कालेजात गेले होते?"

याचं उत्तर खरं सांगायचं तर पहिले काही महिने कॉलेजकडेही नव्हतं. आमचे सर भले गृहस्थ, पण त्यांच्या हाती पडलेलं पुस्तक परदेशातलं. त्यात हजारो गाड्यांचं पार्किंग कसं आखावं यावर एक धडा होता आणि मैदानावर पडलेलं बर्फ कसं हटवावं यावर दुसरा. बर्फाचा प्रश्न मला परीक्षेत आला आणि मी तो मन लावून लिहिला. नाशकातल्या मैदानावर बर्फ असतं ते फक्त गोळेवाल्याकडे, हा मुद्दा मी उत्तरात घेतला नाही. पूर्ण मार्क मिळाले.

एका बाबतीत मात्र सर पुस्तकावर अवलंबून नव्हते. ते म्हणायचे, स्पर्धा सुरू कुणीही करतं, वेळेवर संपवतात ती आपल्या कोर्सची माणसं. त्यांनी आयुष्यभर रखडलेले कार्यक्रम बघितले होते, त्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज जरा कातर व्हायचा.

पहिलं वर्ष संपत आलं तसं घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. दुसऱ्या वर्षाचं काय, असं मी विचारल्यावर नानांनी आधी दिवसाचा हिशोब वहीत उतरवला. मग म्हणाले, "परीक्षेला तू ती स्पर्धा भरवणार हेस ना, ती बघतो. काही शिकल्यासारखं दिसलं तर कर दुसरं वर्ष. नायतर बास झालं." हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या नानांना आई वळवायची. शांतपणे ठरवलेल्या नानांना वळवणारं घरात कुणी नव्हतं.

परीक्षा अशी होती की प्रत्येकाने एक स्पर्धा एकट्याच्या जबाबदारीवर पार पाडायची. मी आमच्याच गावातल्या शाळेचं मैदान घेतलं. तिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. मुलींचा खो-खो, चार शाळांचे संघ, आधी सगळ्यांचे सगळ्यांशी सामने आणि मग अंतिम. लांबचा संघ सिन्नरच्या पलीकडून जीपने येणार होता. त्यांच्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं, "अंधाराच्या आत पोरी घरी पोचल्या पाहिजेत. एकेकीच्या दारात जाऊन शब्द देऊन आणतेय. एकदा उशीर झाला की पुन्हा कुणी पाठवायचं नाही." मी म्हटलं, बाई, ती माझी जबाबदारी. तेव्हा मी विशीची होते आणि जबाबदारी हा शब्द फार सहज वापरायचे.

त्या दिवशी सकाळी नाना टेम्पो घेऊन मैदानावर आले. मी त्यांना पाहुण्यांसाठी दोन हार सांगितले होते. त्यांनी टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं तर आत झेंडू, शेवंती, गुलाब, सगळ्याचे हारच हार.

"नाना, मी दोन सांगितले होते."

"पोरीच्या कार्यक्रमाला दोन हार? लोक काय म्हणतील?"

लोक त्या हारांचं काय करणार ते संध्याकाळी कळलं. सकाळी लोक फारसे नव्हतेच. उद्घाटनाला पंचायत समितीच्या सभापतींना बोलावलं होतं, त्यांचा पत्ता नव्हता. मी घड्याळ बघितलं, लिंबाखाली खुर्ची टाकून मार्क द्यायला बसलेल्या सरांकडे बघितलं आणि पाहुण्यांशिवाय सामने सुरू केले. गावात असं याआधी झालेलं नव्हतं. सरपंचांनी दोनदा येऊन विचारलं की थांबायचं का, आणि मी दोनदा त्यांना सावलीतली चांगली खुर्ची दिली. दुपारपर्यंत सगळं इतकं वेळेवर चाललं होतं की मला स्वतःचाच संशय यायला लागला. नाना कुंपणाजवळ उभे होते. हसत नव्हते, पण घरीही गेले नव्हते.

अंतिम सामन्याला सिन्नरकडच्या मुली आणि आमच्या गावच्या मुली आल्या. फक्की पुन्हा मारून झाली, मुली दोन खांबांमधल्या पाटीत बसल्या, पंचांनी शिट्टी तोंडात धरली आणि सभापतींची जीप मैदानात शिरली. थेट पाटीपर्यंत आली. मुली उठून बाजूला झाल्या. अशा रीतीने आमच्या स्पर्धेचं उद्घाटन अंतिम सामन्याच्या आधी झालं.

मी माईक हातात घेतला आणि म्हटलं की सभापती नारळ वाढवतील, तीन मिनिटं बोलतील आणि लगेच सामना सुरू होईल. मनात हिशोब होता, सगळं मिळून दहा मिनिटं. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं व्यासपीठ केलं होतं आणि त्याच्या कडेला नानांचे हार लटकत होते. हार दिसले की माणसांना गळे आठवतात. सभापतींना हार घातला, तर सरपंच राहिले. सरपंचांना घातला, तर सोसायटीचे चेअरमन राहिले. त्यांच्यामागून दूध डेअरीचे, मंदिराच्या ट्रस्टचे, मग सभापतींच्या जीपचा ड्रायव्हर, कारण तो गावचा जावई निघाला. सरांनासुद्धा लिंबाखालून उठवून हार घातला. ते माझ्याकडे असं बघत होते की जणू पुस्तकातला बर्फाचा धडाच अंगावर कोसळलाय.

सभापती बोलायला उभे राहिले. त्यांनी खेळाचं महत्त्व सांगितलं, मग धरणाच्या पाण्याचं महत्त्व सांगितलं. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. मैदानाच्या कडेला सिन्नरच्या बाई माझ्याकडेच बघत उभ्या होत्या. ऊन मैदानावरून उठून चिमण्यांवर चढायला लागलं होतं. मी शाळेची घंटा उचलली आणि दणकन वाजवली. सभापती दचकून थांबले, सवयीने "जय हिंद" म्हणाले आणि बसले. गाव हसलं. मुली पाटीकडे पळाल्या.

तेवढ्यात सरपंचांना सुचलं की ज्यांनी एवढे हार दिले त्यांचा सत्कार राहिलाच की. दोघातिघांनी नानांना धरून ट्रॉलीवर चढवलं, त्यांचाच हार त्यांच्या गळ्यात घातला आणि माईक पुढे केला. "दोन शब्द बोला."

नाना घरात बोलतात ते पाणी, खत आणि भाव यावर. माईक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता, आणि धरला तो कोयता धरतात तसा. मला वाटलं, नमस्कार म्हणतील आणि उतरतील. ते नमस्कार म्हणाले. मग त्यांना स्वतःचा आवाज कर्ण्यातून ऐकू आला आणि तो बहुतेक आवडला. त्यांनी यंदाच्या शेवंतीची हकीकत सांगितली. बाजारात लोक काय विचारतात ते सांगितलं. लोक पुन्हा हसले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लोक मला म्हणायचे, पोरीला एवढं शिकवून शेवटी खेळायलाच शिकवतो का. मलाबी तसंच वाटायचं. लय वेळा वाटलं. पण आज सकाळपासून मी बघतोय, आन् आज मला..."

मला ते वाक्य ऐकायचं होतं. वर्षभर मी त्याच वाक्यासाठी सकाळची एसटी पकडत होते. पण सिन्नरच्या मुलींच्या जीपचा ड्रायव्हर गाडी वळवून उभा होता, आणि बाईंनी मनगट वर करून घड्याळाकडे फक्त एकदा बघितलं.

मी घंटा वाजवली.

नाना थांबले. त्यांनी घंटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी माईक सरपंचांच्या हातात दिला, ट्रॉलीवरून हळूच खाली उतरले आणि पंचांनी शिट्टी वाजवली.

सामना सिन्नरच्या मुलींनी जिंकला. बक्षीस मी त्यांच्या जीपच्या पायरीवरच दिलं आणि उजेड असतानाच जीप रस्त्याला लागली. सर जाताना "छान" एवढंच म्हणाले. ते गळ्यातला हार काढायला विसरले होते. मी मात्र नानांना शोधत होते. ते टेम्पोत बसले होते, चावी लावून.

मी शेजारी बसले आणि घरापर्यंत ते समोरच्या रस्त्याकडे बघत टेम्पो चालवत राहिले. दुसरं वर्ष मी माझ्याच हाताने घालवलं, अशी माझी खात्री झाली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे गावासमोर वडिलांचा मान गेला होता. पुन्हा तीच वेळ आली असती तरी मी घंटा वाजवलीच असती, हेही कळत होतं, आणि त्याने काही बरं वाटत नव्हतं.

आईने दारातच विचारलं, "कसं झालं?"

"सगळ्या गावादेखत बापाला खाली बसवलं हिनं," नाना म्हणाले.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी चपलाही काढल्या नाहीत. "मग?"

"मग काय, बसलो. सभापती बसला, मी कोण लागून गेलो?" ते ओट्यावर टेकले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला आधी वाटलं ठसका लागलाय. ते हसत होते.

मला राहवलं नाही. "नाना, पुढे काय बोलणार होता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला, मिश्या पुसल्या. "आता नाय सांगत. पुढच्या वर्षी बोलंन. तवा बी असंल ना तुझी परीक्षा? पण मला जरा जास्त टाइम ठिव."

आई आत वळली आणि तिने सगळ्यांचा चहा टाकला. मी ओट्यावर बसून त्या अर्ध्या वाक्याचंच दुःख करत राहिले. दुसरं वर्ष मिळालंय, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा कपातला चहा अर्धा झाला होता.